पदरमोडीचं पुस्तक

कवीला भेटणारा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. "सध्या नवीन काय लिहिताय?" हा पहिला. दुसरा तो जरा आवाज उतरवून विचारतो, "पुस्तकाचे किती मिळतात हो?" पहिल्या प्रश्नावर कवी अर्धा तास बोलतो. दुसऱ्यावर तो हसतो आणि चहा मागवतो. आज मी या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे. कविता हा माझा पोटापाण्याचा उद्योग नाही. बी.ए. झालो आणि सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसलो. जमा आणि खर्च हे दोन रकाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि माझ्या तीन संग्रहांपैकी दोन मी स्वतःच्या पैशानं छापले आहेत.

बहुतेक वाचकांची समजूत अशी असते, की लेखक हस्तलिखित देतो, प्रकाशक ते छापतो आणि वर्षअखेर मानधनाचा चेक घरी येतो. कादंबरी, चरित्र, पाककृती, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं यांच्या बाबतीत हे थोडंफार खरंही आहे. छापील किमतीच्या साधारण दहा टक्के लेखकाला, असा आपल्याकडे प्रघात आहे. कवितेचा व्यवहार मात्र उलट्या दिशेनं चालतो. प्रकाशक नम्रपणे सांगतो, "कविता चांगल्या आहेत, पण कवितेला उठाव नाही." मग तोच वाट दाखवतो, "दोनशे प्रती तुम्ही निम्म्या किमतीत घेऊन टाका." पुस्तकाची किंमत २०० रुपये धरली, तर कवीनं २० हजार रुपये मोजायचे. पुस्तकावर नाव प्रकाशकाचं, आत पैसा कवीचा. याला कुणी स्वयंप्रकाशन म्हणत नाही. स्वतःचा पत्ता घालून उजळ माथ्यानं पुस्तक काढणाऱ्याकडे मात्र लोक जरा कीव केल्यासारखं पाहतात. मला हा न्याय कधी पटलेला नाही.

खरं पाहिलं तर कवीनं खिशात हात घालण्याची रीत जुनी आहे. वॉल्ट व्हिटमननं १८५५ साली 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' स्वतःच्या खर्चानं काढलं, त्याची काही पानं स्वतःच्या हातानं जुळवली. आपल्याकडे केशवसुत १९०५ साली गेले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. तो पुढं मागं राहिलेल्यांनी काढला. १९७६ मध्ये मुंबईत चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' नावानं आपली पुस्तकं आपणच काढायला सुरुवात केली. अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' तिथूनच बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यांची मराठी पुस्तकं अशोक शहाणे यांच्या 'प्रास'नं काढली. त्यातल्या 'भिजकी वही'ला २००५ साली, कवी गेल्यानंतर, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही नावं ऐकली की नव्या कवीच्या अंगावर मूठभर मांस चढतं. पण ही उदाहरणं सांगणारा माणूस एक गोष्ट सांगत नाही. व्हिटमनच्या त्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती आठशेच्या आत होत्या, आणि त्याही सहजी खपल्या नाहीत.

आता हिशेबाकडे येतो. रेडिओवर आकडे सांगणं अवघड, ऐकणारा काही लिहून घेत नाही. म्हणून एकच हिशेब सावकाश सांगतो. तो माझ्या शेवटच्या संग्रहाचा आहे. पानं ११२, डेमी आकार, म्हणजे सोळा पानांचे सात फॉर्म. प्रती ३००. अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला ४० रुपयांनी ४,४८० रुपये. मुद्रितशोधन पानाला १५ रुपयांनी १,६८०. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ४ हजार. त्यानं कमीच घेतले, कारण तोही माझ्यासारखाच. हा झाला १०,१६० रुपयांचा खर्च, आणि तो प्रत एक छापा की हजार छापा, बदलत नाही. त्यावर कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन आणि कर मिळून २४,८४० रुपये. एकूण ३५ हजार. एका प्रतीला ११७ रुपयांच्या आसपास पडले. किंमत ठेवली २०० रुपये.

११७ ला पडलेली वस्तू २०० ला विकायची, म्हणजे प्रतीमागे ८३ रुपये सुटले, असं शेजारच्या किराणा दुकानदारानं मला तिथल्या तिथं सांगितलं. पण पुस्तक किराणा दुकानातून विकलं जात नाही. वितरकाला निम्मी किंमत सोडावी लागते. त्यात त्याचं आणि पुढच्या दुकानदाराचं, दोघांचं निघतं. म्हणजे वितरकाच्या हातून गेलेल्या प्रतीचे माझ्या हाती १०० रुपये. ११७ ला पडलेली प्रत १०० ला गेली. अशा सगळ्या ३०० प्रती विकल्या गेल्या असत्या, तरी ३० हजार आले असते आणि पाच हजार अंगावर राहिले असते. म्हणून मुरलेले प्रकाशक छपाईखर्चाच्या चार-पाच पट किंमत ठेवतात. मी तसं केलं असतं, तर ११२ पानांच्या कवितांची किंमत पाचशेच्या वर गेली असती. ती बघून पुस्तक खाली ठेवणारे हात मला आधीच दिसले होते.

शिवाय ३०० प्रतींपैकी विकायला किती उरतात, हाही प्रश्न असतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत प्रकाशकानं स्वखर्चानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना पाठवायची असते, तीही तीस दिवसांच्या आत. आपण स्वतः छापलं म्हणजे आपणच प्रकाशक, तेव्हा या चार प्रती गेल्या. पाठवल्या नाहीत तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंड किरकोळ आहे, पण मला या चार प्रती पाठवायला आवडतं. आपण गेल्यावरही कोलकात्यात कुठल्या तरी कपाटात आपलं पुस्तक असणार, ही कल्पना चार प्रतींच्या मोलाची आहे. मग पुरस्कारांसाठी प्रती. कुणी दोन मागतं, कुणी तीन, कुणी सोबत प्रवेशशुल्कही मागतं. प्रवेशशुल्क घेणाऱ्या पुरस्कारांकडे मी फिरकत नाही. मग वृत्तपत्रं आणि मासिकांना अभिप्रायार्थ. आणि मग सर्वांत मोठी गळती, ती म्हणजे 'सप्रेम भेट'.

मराठी माणूस मित्राचं पुस्तक विकत घेणं हा मित्राचा अपमान समजतो. ज्याच्याकडून मी पंचवीस वर्षं भाजी घेतो, तो मला कधी फुकट गड्डी देत नाही. पण तोच म्हणतो, "साहेब, तुमचं पुस्तक आलं म्हणे, आम्हाला नाही दिलंत?" त्याला मी दिलं, आणि त्यानं ते वाचलं, हे मात्र नमूद केलं पाहिजे. माझ्या तीनशेतल्या शंभर प्रती अशा गेल्या. त्यांतली एक मला वर्षभरानं रद्दीच्या हातगाडीवर भेटली, पहिल्या पानावर माझीच सही. मी ती वीस रुपयांना परत घेतली आणि खर्चाच्या रकान्यात वीस रुपये मांडले.

राहिल्या दोनशे. प्रकाशन समारंभात सवलतीनं १५० रुपयांना ६० प्रती गेल्या, ९ हजार रुपये आले. वितरकाला ८० प्रती दिल्या. त्यानं ३५ विकल्या, साडेतीन हजार दिले, तेही चौदा महिन्यांनी, आणि ४५ परत पाठवल्या. परत आलेल्या प्रतींचे कोपरे दुमडलेले होते. एका दुकानात तर माझं नाव वाचून पुस्तक उर्दूच्या ढिगाऱ्यात ठेवलं होतं. मुखपृष्ठावर ठळक देवनागरी असताना हे कसं झालं, ते त्या विक्रेत्यालाच ठाऊक. कविसंमेलनांतून आणि टपालानं मिळून ४५ प्रती १५० रुपयांनी गेल्या, त्यांचे ६,७५० आले. म्हणजे दोन वर्षांत १४० प्रती आणि १९,२५० रुपये. ३५ हजारांतून वजा केले की तोटा १५,७५०. कवितेच्या पुस्तकाच्या १४० प्रती विकल्या जाणं ही चांगली विक्री आहे, हे इथं सांगायला हवं. आणि तुलनेसाठी हेही, की त्याच १४० प्रतींवर दहा टक्क्यांनी प्रकाशकाकडून मला २,८०० रुपये मिळाले असते.

प्रकाशन समारंभ मी या हिशेबात धरला नाही, कारण तो धरायचा म्हणजे छातीत धडधडतं. सभागृहाचं भाडं ३ हजार. प्रमुख पाहुण्यांच्या गाडीचं पेट्रोल अडीच हजार. शाल-श्रीफळ-हार १,२००. बॅनर आणि निमंत्रणं १,३००. ऐंशी माणसांचा चहा आणि उपमा ४ हजार. झाले १२ हजार. म्हणजे छपाई-बांधणीच्या जवळजवळ निम्मे. ते मिळवले की तोटा २७,७५० वर जातो. लोक म्हणतात, समारंभ केला नाही तर पुस्तक आलं हे कळत कसं? मान्य. पण मी पाहिलं आहे, की पाहुणे पाऊण तास बोलतात, त्यांपैकी चाळीस मिनिटं स्वतःच्या पहिल्या पुस्तकाबद्दल. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात पंचवीस खऱ्या वाचकांसमोर कविता वाचल्या, तर चहाचे तीनशे रुपये लागतात आणि पंधरा प्रती जातात. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी मी असे तीन कार्यक्रम केले होते.

छापखान्यात एक मोह असतो. मुद्रक सांगतो, "तीनशेच्या ऐवजी हजार काढा ना, किती स्वस्त पडेल!" ते खोटं नसतं. माझ्याच पुस्तकाच्या हजार प्रतींना कागद-छपाईचे ४५ हजार सांगितले होते. मूळचे १०,१६० धरून ५५,१६० रुपये, म्हणजे प्रतीला ५५ रुपये. ११७ कुठं आणि ५५ कुठं! पण प्रत स्वस्त झाली म्हणून वाचक वाढत नाहीत. विकल्या असत्या त्याच १४०, वाटल्या असत्या त्याच १००, आणि उरल्या असत्या ७६०. त्या कुठं ठेवणार? दोन खोल्यांच्या घरात कॉटखाली, कपाटावर, पाण्याच्या टाकीशेजारी. त्यांना वाळवी लागते, पावसाळ्यात बुरशी चढते आणि घरातल्या बाईला रोज झाडताना ते गठ्ठे उचलावे लागतात. हा खर्च कुणी वहीत लिहीत नाही.

आता मागणीनुसार छपाईची सोय झाली आहे. पन्नास प्रतीही छापून मिळतात, प्रतीला नव्वद-पंचाण्णव रुपये लागतात, पण पैसा अडकत नाही. माझ्या मते कवितेसाठी आजच्या घडीला हाच शहाणपणाचा मार्ग. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून घेतात. तिथं किमतीच्या ३५ टक्के मिळतात, काही अटी पाळल्या तर ७०. छपाई नाही, टपाल नाही. फक्त एक अडचण आहे. आपल्याकडची अक्षरजुळणी बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या फॉण्टमध्ये होते, ती युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात. कवितेत एक वेलांटी इकडची तिकडं झाली, तर अर्थच पालटतो. तेव्हा मुद्रितशोधनाचे पैसे पुन्हा एकदा मोजावे लागतात.

सरकारी मदत अगदीच नाही, असं नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. होतकरू कवीनं खिशात हात घालण्याआधी तिथं हस्तलिखित पाठवून पाहावं. राज्य वाङ्मय पुरस्कारांत काव्याला कवी केशवसुतांच्या नावानं एक लाखाचा आणि पहिल्या काव्यसंग्रहाला बहिणाबाई चौधरींच्या नावानं पन्नास हजारांचा पुरस्कार आहे. पण पुरस्कार धरून अंदाजपत्रक करणं म्हणजे लॉटरी धरून लग्न ठरवणं. सार्वजनिक ग्रंथालयं आपल्याकडे हजारोंनी आहेत. प्रत्येकानं एक प्रत घेतली, तरी मराठी कवी बंगला बांधेल. प्रत्यक्षात अनुदान उशिरा येतं, खरेदी मार्चअखेर घाईत होते, सवलत जास्त कोण देतो ते बघितलं जातं आणि कवितेचा नंबर शेवटचा लागतो. माझे एक उर्दूत लिहिणारे स्नेही आहेत. त्यांच्या भाषेसाठी दिल्लीची राष्ट्रीय परिषद हस्तलिखिताला अर्थसाहाय्य देते, तयार पुस्तकांच्या प्रती घाऊक खरेदी करते. ते मला चिडवतात, "मियाँ, मराठीत लिहिण्याची हौस महागात पडते आहे!" मी म्हणतो, ज्या भाषेत मी स्वप्न पाहतो, तिचं भाडं भरतो आहे.

आता थोडं गांभीर्यानं. गेल्या काही वर्षांत पुस्तक छापून देणाऱ्या 'पॅकेज'वाल्यांचं पीक आलं आहे. त्यांतले काही चोख काम करतात. पण काहीजण जे फुकट मिळतं, त्याचेही पैसे लावतात. आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. तरी त्यासाठी हजार-दोन हजार घेतलेले मी पाहिले आहेत. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांकनात पुस्तक प्रकाशन मोजलं जाऊ लागलं आणि या क्रमांकाला भलतंच तेज चढलं. त्या झगमगाटात कवीही सापडला. पुस्तक दर्जेदार असल्याची ती खूण नव्हे, तो नुसता पत्ता आहे. तसंच कॉपीराइटचं. कविता लिहिली त्या क्षणी हक्क कवीचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. पॅकेजमधलं 'देशभर उपलब्धता' हे कलम तर वाचून हसू येतं. संकेतस्थळावर पुस्तकाचं चित्र दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. करारात हक्क कुणाकडे राहतात आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, ही दोन वाक्यं शोधून वाचावीत. बाकी करार नंतर वाचला तरी चालतो.

हे मी का सांगतो? मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा एक तरुण कवी मला फोन करतो. तासिका तत्त्वावर शिकवतो, महिन्याला हातात पडतं ते सांगण्यासारखं नाही. त्याला प्रस्तावना हवी होती. बोलता बोलता कळलं, की पाचशे प्रतींच्या पॅकेजसाठी तो पतपेढीतून ४० हजार उचलणार आहे. "चाचा, पुस्तक विकून वर्षात फेडतो," म्हणाला. मी त्याला वरचाच हिशेब सांगितला, तो गप्प झाला. मग फोन त्याच्या आईनं घेतला. त्या आठवडी बाजारात भाजी विकतात.

"भाऊ, हे पुस्तक घेणार कोण?"

मी म्हटलं, "ताई, तेच त्याला विचारा."

त्यांनी विचारलं, आणि कागदावर नावं लिहायला लावली. जो नक्की पैसे देऊन घेईल, त्याचंच नाव. फुकट घेणाऱ्याचं नाही. मायलेकांनी दोन दिवस बसून यादी केली, ती त्रेसष्ट नावांची झाली. मावशीचं नाव आईनं स्वतः खोडलं. "ती पैसे द्यायची नाही," म्हणाल्या. बाजारात जेवढा माल खपतो तेवढाच उचलायचा, हे त्या बाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. ग्रंथाली वाचक चळवळीनं एके काळी वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तकं काढली. या बाईंनी ती योजना घरच्या घरी पुन्हा शोधून काढली म्हणायची. त्या त्रेसष्टांपैकी एकावन्न जणांनी प्रत्येकी १५० रुपये आधीच दिले, म्हणजे ७,६५० रुपये. अक्षरजुळणी त्यानं शाळेतल्या संगणकावर स्वतः केली, मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचं चित्र घातलं आणि पंचाहत्तर प्रती काढल्या. पतपेढीत तो गेला नाही. मी प्रस्तावना लिहिली, आणि माझी प्रत दीडशे रुपये पाठवून मागवली.

टपालाचं तेवढं सांगायचं राहिलं. छापील पुस्तकांसाठी असलेली टपाल खात्याची स्वस्त नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि काही महिने १५० रुपयांचं पुस्तक पाठवायला त्याच्या निम्म्यापर्यंत खर्च येऊ लागला. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत कमाल १०० रुपये. आपला शंभर-सव्वाशे पानांचा संग्रह तीनशे ग्रॅमच्या आत बसतो. खिडकीवर 'ज्ञान पोस्ट' असं नाव घेऊन मागावं लागतं, नाहीतर पाकीट सरळ स्पीड पोस्टात जातं. त्या तरुणाचं पुस्तक मला याच सेवेनं आलं, सात दिवसांनी, कोपरे शाबूत.